नागूमायचा कोप

दवाखान्याला कुलूप होतं. महेश्वरीनं पाटीवरचा नंबर दोनदा लावून बघितला. फोन बंद.

शेजारच्या किराणा दुकानातून आवाज आला, "आज रविवार हाय ना बाई. सायब लग्नाला गेलेत सोलापूरला."

जीपच्या मागच्या बाकावर तिचे दादा, म्हणजे वडील रामकिसन, आडवे पडले होते. सोयाबीनचा ढीग झाकताना घोणस चावली होती, घोट्याच्या वर. त्यांनी स्वतःच टॉवेल फाडून पोटरी करकचून आवळली होती. पाऊल सुजून टम्म झालं होतं.

"आप्पा, तालुक्याला चला," महेश्वरी म्हणाली. "चाळीस मिनिटांत पोचू."

वैजिनाथआप्पा, तिचे थोरले चुलते, स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. जीप त्यांची, भाऊही त्यांचा.

"आधी नागूमायकडं."

"सापाचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यातच मिळतं, आप्पा."

"तुझ्या आईला दवाखान्यातच नेलं होतं का न्हाय?"

महेश्वरी मागं जीपमध्ये चढली. आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हा दवाखान्याचा हट्ट तिनंच धरला होता.

नागूमायचं ठाणं गावाबाहेर, तालुक्याच्या रस्त्यालाच होतं. पत्र्याचं बिरोबाचं देऊळ, पुढं चिंच. सापानं चावलेला माणूस आधी तिथं न्यायचा, ही आसपासच्या पाच-सहा गावांची रीत. माय साठीच्या पुढची, केस मोकळे, कपाळभर भंडारा. जीप थांबताच ती बाहेर आली.

"उतरवू नका! देव इथवर येतोय. पाय भुईला लागला तर विटाळ होईल."

आप्पांनी हात जोडले.

"कवा चावला?"

"तीन दहाला," महेश्वरीनं सांगितलं.

"हे काय बांधलंय? देवाला गाठ चालत न्हाय. सोडा, सावकाश. बोटातली अंगठी काढा, पायातला दोरा काढा. देवापुढं मोकळं यावं."

आप्पा सांगितलं तसं करत गेले. मायनं रामकिसनच्या कपाळाला भंडारा लावला, डोळे मिटले आणि ती घुमायला लागली. महेश्वरीनं मोबाइलमध्ये बघितलं. तीन चाळीस. दादांच्या हिरड्यांतून रक्ताची बारीक रेघ आली होती.

"माय, जरा लवकर करा," तिच्या तोंडून निघून गेलं.

माय थांबली. तिनं डोळे उघडले आणि बोट महेश्वरीवर रोखलं.

"ही कोण? माझ्या दारात शंका घेऊन कोण आलंय? माझ्याकडं काय बघलालीस, घड्याळ बघ तुझं!"

"माय, लेकरू हाय," आप्पा कळवळले. "माफी करा."

"माफी न्हाय! देव उठला! हिच्यापायी उठला!" तिनं मूठभर भंडारा जीपवर भिरकावला. "न्या ह्याला. आत्ताच्या आत्ता शीव ओलांडा. दुसऱ्या कुठल्या देवाच्या, बाबाच्या दारात गेलाव तर वंशाला लागंल. जा, टाका जाऊन सरकारी दवाखान्याच्या पायरीवर! वाटंत थांबायचं न्हाय, पाणीसुद्धा प्यायचं न्हाय!"

आप्पांनी गिअर टाकला.

 महेश्वरी दादांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पाहिजे होतं तेच झालं होतं, जीप तालुक्याकडं निघाली होती. तरी ती सारखी मोबाइलमध्ये वेळ बघत होती.

"तुला जीभ आवरत न्हाय," आप्पा आरशातून म्हणाले. "माझ्या भावाला काय झालं तर तुझं तोंड बघणार न्हाय मी. जन्मात न्हाय."

"आप्पा, गाडी बघून चालवा."

"शिकवू नकोस!"

रामकिसननं डोळे किलकिले केले. "भांडू नका रे," ते पुटपुटले. "मी हाय अजून."

सरकारी दवाखान्यात बारीक चणीचा एक तरुण डॉक्टर ड्युटीवर होता. स्ट्रेचर दारातच आलं. त्यानं चावल्याची वेळ विचारली, पाय बघितला, कपाळावरच्या पिवळ्या भंडाऱ्याकडं क्षणभर बघितलं.

"आधी कुठं नेलं होतं?"

"न्हाय सायब, सरळ हितंच आलाव," आप्पा म्हणाले.

डॉक्टरनं मान डोलावली. "पाय आवळलेला नाही, चालवलेलं नाही. बरं केलंत."

त्यानं काचेच्या नळीत रक्त घेतलं आणि ती कट्ट्यावर उभी ठेवली. वीस मिनिटांनी नळी कलती केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. सिस्टरनं इंजेक्शनच्या कुप्या फोडायला सुरुवात केली. आप्पा भिंतीला टेकून खाली बसले. महेश्वरी उभीच राहिली. बसलं तर परत उठता येणार नाही, असं तिला वाटत होतं.

दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आला.

"हिरड्यांचं रक्त थांबलंय. सूज गुडघ्याच्या खालीच आहे. दोन दिवस राहावं लागेल, पण घरी जातील चालत. अर्धा तास उशीर केला असता तर मला हे सांगता आलं नसतं."

आप्पांनी तोंडावर टॉवेल धरला. त्यांचे खांदे हलत होते. मग तसंच, न बघता, त्यांनी पुतणीचा हात शोधला आणि धरून ठेवला.

थोड्या वेळानं महेश्वरी तोंड धुवायला मागच्या नळावर गेली. पलीकडं, पायरीवर, डॉक्टर पाठमोरा बसून फोनवर बोलत होता.

"हॅलो, आई? पोचले गं तुझे जीपवाले. वाचला माणूस. आज कुणावर कोपलीस?"