हरल्यानंतरचा मे

सवयीने मी चहाचं मोठं पातेलंच चढवलं. मामंजींपासून घरात आमदारकी. मे महिन्यात आम्ही समुद्रावरच्या बंगल्यात आलो, की फाटकापर्यंत माणसं. समुद्र मी चहा गाळता गाळता खिडकीतूनच पाहिला.

यंदा हे निवडणुकीत पडले. कडक इस्त्रीचा कुर्ता घालून व्हरांड्यात बसले होते, पण दुपार टळली तरी कुणी फिरकलं नाही.

मी गॅस बंद केला आणि थेट पाण्यात जाऊन उभी राहिले.

हे मागोमाग आले. “अगं, चहा?”

“चपला काढा आणि या इकडे.”

लाटेने पायाखालची वाळू ओढली, तसा यांनी माझा हात घट्ट धरला. मग दचकले. “कुणी बघेल!”

“आता कोण येतंय बघायला?”

निकालानंतर हे पहिल्यांदाच हसले, माझा हात तसाच धरून.