काय अडतं?

साहेबांनी तिचा बेचाळीस पानी आराखडा तिसऱ्या पानावर मिटला आणि बदलीचा तक्ता पुढं ओढला.

बदली म्हणजे तिच्या बाळंतपणाच्या रजेत आठ महिन्यांसाठी घेतलेली मुलगी. नाव होतंच तिला. पण नेमणुकीच्या कागदावर ‘बदली’ असं पडलं आणि तेच चिकटलं. आता तर ती स्वतःच फोन उचलून “हां, बदली बोलतेय,” म्हणायची आणि पलीकडचे हसायचे.

आराखड्यात त्या खोक्यांच्या कारखान्यातलं प्रत्येक पद होतं. मंजूर किती, भरलेली किती, पाच वर्षांनी लागतील किती. रजेचा शेवटचा महिना बाळाला मांडीवर घेऊन तिनं तो केला होता. एकोणिसाव्या पानाच्या कोपऱ्यावर दुधाचा डाग होता. साहेब तिथवर पोचलेच नाहीत.

तक्ता एका पानाचा. दोनच रकाने. ‘कोण नसलं की’ आणि ‘काय अडतं’.

“साचे बदलणारे,” साहेबांनी तक्त्यावर बोट ठेवलं. “तुमचा आराखडा काय म्हणतो?”

“पदं चार, भरलेली चार. तिथं काही प्रश्न नाही, साहेब.”

“आणि हिनं काय लिहिलंय ऐका. ‘काका नसले की साचा बदलायला दोन तास. माणसं चार, हात बसलाय एकाचाच. काका मार्चमध्ये निवृत्त.’” साहेबांनी चष्मा वर केला. “तुम्ही चार मोजता आणि निवांत असता. मी रोज आल्या आल्या आधी काकांची सायकल बघतो. ती दिसली की मगच माझ्या घशाखाली चहा उतरतो.”

शिपाई चहा घेऊन आला. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या बदलीपुढं त्यानं न विचारता बिनसाखरेचा कप ठेवला. मग तिच्याकडे वळला. “ताई, तुम्हाला साखर किती?”

सहा वर्षं हाच माणूस तिला अर्धा चमचा घालून देत होता.

तिचं लक्ष बदलीच्या बुटांकडे गेलं. तळाला सरस वाळून चिकटला होता, त्यात पुठ्ठ्याचा भुसा. म्हणजे ही खाली यंत्रांपाशी जाऊन उभी राहते. सहा वर्षांत आपल्या चपलेला कधी सरस लागला नाही, हे तिला आजच कळलं.

“तक्ता दुपारी वर जाणार,” साहेब म्हणाले. “ज्या ओळीत काही अडत नाही, ती जागा जाणार. ते ठरलंय. पण ही एक ओळ कोरी का?”

ओळ तिची होती. मनुष्यबळ नियोजन अधिकारी.

“ती मी कशी भरणार, साहेब?” बदली म्हणाली. “काही अडलं नाही लिहिलं, तर ताईंची जागा जाईल. अडलं लिहिलं, तर आठ महिने मी काय केलं?”

साहेब हसले. “इकडे आड, तिकडे विहीर.”

“ताई, तुम्हीच लिहा.” बदलीनं पेन्सिल तिच्यापुढं सरकवली.

तिनं त्या शब्दांत टोमणा शोधला. सापडला नाही. त्यानं ती जास्तच चिडली.

पेन्सिल हातात धरून ती आठवत राहिली. पगार वेळेवर झाले होते. भरती झाली होती. वाढदिवसांची यादीसुद्धा फलकावर लागली होती. दुसरीचं गुटगुटीत लेकरू बघावं तसा तिनं तो तक्ता वरपासून खालपर्यंत बघितला. मग आपल्या ओळीत दोन शब्द लिहिले.

साहेबांनी ते मोठ्यानं वाचले. “‘हा तक्ता’. म्हणजे?”

“या जागेवर कुणी नसतं, तर हा तक्ता झाला नसता.”

“खरंय. पण केला हिनं.”

“माझ्या जागेवर बसून केला. आणि कागदावर ती जागा माझी आहे, साहेब.” तिचा आवाज तिच्याच कानाला आराखड्याच्या चाळिसाव्या पानासारखा लागला.

साहेबांनी दोघींकडे बघितलं, मग घड्याळाकडे. “बदलीची मुदत शुक्रवारी संपते ना?”

“हो,” बदली म्हणाली.

तक्त्यात बदलीची ओळ नव्हती. बदली हे पद नसतं. साहेबांनी खाली सही केली.

टेबलाशी परतल्यावर बदलीनं आधी आपला डबा उचलला. मग वाकून खुर्चीची कळ दाबली. खुर्ची सुस्कारा सोडत खाली गेली.

“बसा ताई. एवढीच होती ना तुमची?”

“हो.”

“काकांना उद्या भेटून घ्या. फक्त ‘तुमच्यानंतर कोण’ असं विचारू नका. ‘मला शिकवा’ म्हणा. मग बोलतात.”

बदली गेल्यावर तिनं खुर्चीत बसून पाय टेकवले. टेकले. रजेनंतरचा आजचा पहिलाच दिवस. सकाळपासून घरी फोन करायचा राहिला होता. तिनं सासूबाईंना लावला.

“आई, कशी आहे ती?”

“अगं, मजेत! पेज खाल्ली, खेळली, आता माझ्या मांडीवर झोपलीय. तू कर तुझं काम निवांत. तुझ्यावाचून इथं काही अडलेलं नाही.”

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“थोडीसुद्धा नाही रडली?”