अनुभवाचा दाखला

“‘नाही’वर टिक कर अन् मोकळी हो,” केदारनाथअप्पा म्हणाले.

स्वप्नालीनं माउस ‘हो’वर नेला. अप्पांनी तिचा हात धरायचाच काय तो बाकी ठेवला. पडद्यावरचा प्रश्न साधा होता. तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का?

सिरसाळ्याच्या बाजारपेठेत अप्पांचं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान होतं. पीकविम्यापासून पासपोर्टापर्यंत सगळं तिथं व्हायचं. बारा वर्षांत त्यांनी भरलेला एकही अर्ज माघारी आला नव्हता, आणि त्याचं गुपित ते कुणालाही फुकट सांगत. सरकारनं विचारलं तेवढंच सांगावं, आणि अडचणीचं विचारलं तर तेही सांगू नये.

ही पोरगी मात्र पहिल्या दिवसापासून त्यांच्या धंद्याच्या मुळावर उठली होती. जवळच्याच वाडीची, इंग्रजीत एम.ए. झालेली. समुद्रापलीकडच्या एका देशात, कुठल्याशा बेटावरच्या शाळेला दोन वर्षं इंग्रजीचा शिक्षक मिळाला नव्हता. तिथं वर्षभर बिनपगारी शिकवायला हिची निवड झाली होती. वाडीतून परदेशी निघालेली ती पहिलीच.

“पगार न्हाई म्हणल्यावर ते काम कसलं?” अप्पांनी तेव्हाच सुचवलं होतं. “फिरायला चाललेय म्हण, टुरिस्ट व्हिसा काढू.”

पण त्या देशाचे नियम तिनं पाठ केले होते. पगार असो नसो, वर्गात उभं राहून शिकवलं की ते काम, आणि कामाला परवाना हवाच. परवान्याला तीन गोष्टी लागत होत्या. पदवी, गुन्ह्याबद्दलचं खरं उत्तर आणि दोन वर्षं मुलांना शिकवल्याचा लेखी पुरावा.

पदवी होती. बाकी दोन्हीकडं बोंब होती.

पाच वर्षांपूर्वी वाडीच्या शाळेत इंग्रजीची जागा रिकामी पडली होती. स्वप्नाली रोज सकाळी महादेवाच्या सभामंडपात मुलांना घेऊन बसायची. गावानं अर्जांवर अर्ज दिले, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग एके दिवशी तिनं बेचाळीस मुलं टेम्पोत बसवली आणि शिक्षण खात्याच्या साहेबांच्या दालनात नेऊन शाळा भरवली. साहेबांनी पोलिस बोलावले. सरकारी कामात अडथळा. पुढं कोर्टानं तिला निर्दोष सोडलं, पण दाखल झालेला गुन्हा तो दाखल झालेलाच. आणि शाळेकडं दाखला मागायला गेली तर हेडमास्तर म्हणाले, बाई, तुझं नाव आमच्या कुठल्याच कागदावर नाही.

“माझ्या साडूची इंग्लिश स्कूल हाय परळीत,” अप्पा आवाज उतरवून म्हणाले. “लेटरहेडवर दोन वर्षांचं लिहून आणतो. इथं ‘नाही’वर टिक कर. लई सोपं हाय.”

“नको, अप्पा.”

“कावून नको?”

“तिथं गेल्यावर पोरायला खरं बोला म्हणून सांगावं लागंल. जातानाच लबाडी करून गेले तर कुठल्या तोंडानं सांगू?”

तिनं ‘हो’वर टिक केली.

अप्पांना चीड आली. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारी पोर! पण चिडता चिडताच त्यांच्या ध्यानात आलं, की खरं लिहिण्यासाठी आपल्याशी भांडणारं माणूस या दुकानात आजवर आलं नव्हतं. त्यांनी पुढचं पान उघडलं. ‘हो’ म्हटल्यावर गुन्ह्याचे कागद जोडायचे होते. तिनं सगळ्यांचं इंग्रजी करून, नोटरीचे शिक्के मारून आणलं होतं. अप्पांनी ते न वाचताच स्कॅन केले. दुसऱ्याचं पाप वाचून काय करायचं? अनुभवाच्या रकान्यात तिनं एवढंच लिहिलं, की दोन वर्षं बिनपगारी शिकवलं, शाळेचा दाखला नाही.

गेला अर्ज, अप्पा मनात म्हणाले.

पंधरा दिवसांनी मुलाखत झाली, अप्पांच्याच कॉम्प्युटरवर. परवाना देणाऱ्या अधिकारी बाई वयस्कर होत्या, सावकाश बोलत होत्या. अर्ज भरून भरून जमलेल्या इंग्रजीवर अप्पांना त्यांचं बोलणं कळत होतं. बाईंनी पदवीचं काही विचारलं नाही. सरळ पोलिसांचे कागद काढले आणि मोठ्यानं वाचू लागल्या. स्वप्नालीचा चेहरा उतरला. अप्पांनी टेबलाखाली मुठी आवळल्या.

“‘आरोपी ही दालनात बेचाळीस मुलांना इंग्रजीचा धडा शिकवीत असताना मिळून आली. समज देऊनही मुले जागची हलली नाहीत. धडा संपेपर्यंत पंचांसह दाराबाहेर थांबावे लागले.’”

बाईंनी पान उलटलं. पुढं एका मुलीचा जबाब होता.

“‘ह्या ताई आम्हाला दोन वर्षांपासून रोज शिकवतात. पैसे घेत नाहीत. एक दिवसही सुट्टी घेत नाहीत.’”

अप्पांना स्वतःची लाज वाटली. हे कागद आपल्या हातून गेले होते, आणि आपण ते उघडूनही पाहिले नव्हते.

“हे कुणी लिहिलंय?” बाईंनी विचारलं.

“पोलिसांनी,” स्वप्नाली म्हणाली. “माझ्याविरुद्ध.”

बाईंनी चष्मा काढला.

“माझ्याकडे येणारे दाखले हेडमास्तरांनी लिहिलेले असतात. सगळे गोड गोड,” त्या म्हणाल्या. “हे कागद तू चुकीच्या रकान्यात जोडलेस, बाळ. मी ते अनुभवाखाली घेतेय.”