तीन नंबरची विहीर

पहिल्या नळीत प्रतिभानं बेरियम क्लोराइडचे चार थेंब सोडले, आणि काहीच झालं नाही. ते पावसाचं पाणी होतं, शाळेच्याच गच्चीवर पातेलं ठेवून धरलेलं. दुसऱ्या नळीत गावातल्या एका विहिरीचं पाणी होतं; त्यात तेवढेच थेंब पडले आणि ते दुधासारखं पांढरं झालं. व्हरांड्यात ग्रामसभेला बसलेली माणसं माना उंचावून बघायला लागली.

"हे सल्फेट," प्रतिभा म्हणाली. ती शिरूरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. "लिटरला चारशे मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाणी पिऊ नये. विहिरीत बाराशे ऐंशी आहे. आभाळातून येताना ते पाण्यात नसतं, म्हणजे खाली मिसळतंय. आणि त्या विहिरीच्या वरच्या अंगाला कारखान्याचा नाला सोडला तर दुसरं काही नाही."

सरपंच हौसरावआबांनी मान डोलवली. नाल्याची तक्रार करायच्या ठरावाचा कागद त्यांच्या मांडीवर होता. सह्याच तेवढ्या राहिल्या होत्या.

तेवढ्यात सत्यजीत उठला. कारखान्याला माणसं पुरवायचं कंत्राट त्याच्याकडं होतं. समोर बसलेल्यातल्या निम्म्या लोकांना कामावर घ्यायचं की नाही, ते तोच ठरवायचा. त्यानं पांढरी नळी उचलली आणि तिच्यावरची चिठ्ठी वाचली.

"विहीर नंबर तीन. कुणाची म्हनायची ही, मॅडम?"

"नावाचा इथं काही संबंध नाही."

"नाल्यापासनं मोजलं तर पहिली आमची, दुसरी देवळाची. तिसरी म्हंजी चांगुणाची."

महिन्यापूर्वी चांगुणा कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभी राहिली होती. लेकीची हगवण थांबत नव्हती. पाण्याची बाटली हातात देताना एवढंच म्हणाली होती, "माझं नाव निघू देऊ नका, बाई." म्हणून तर प्रतिभानं नावाऐवजी आकडा घातला होता. गावाला विहिरी तोंडपाठ असतात, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चांगुणा, ये की फुडं," सत्यजीत म्हणाला.

बायकांच्या मागच्या रांगेतून चांगुणा उठली. साडीवर कारखान्यातल्या झाडूवाल्या बायकांचा निळा कोट होता. सभा झाली की तिला पाळीवर जायचं होतं.

"बाटली तू दिलीस मॅडमना?"

"न्हाई, दादा."

"मंग मॅडमनी चोरून नेली व्हय?"

लोक हसले.

"मीच मागून घेतली," प्रतिभा घाईघाईनं म्हणाली. "तिला कशासाठी ते सांगितलं नव्हतं."

"आसू द्या, आसू द्या. पानी चांगलं का वाईट, ते पिनाऱ्यालाच इचारू." त्यानं टेबलावरची तपासणीची बाटली उघडली, स्टीलचा गिलास काठोकाठ भरला. "ह्यात तुमचं औषध न्हाई ना टाकलेलं?"

"नाही. पण..."

"मंग झालं तर."

चांगुणानं गिलास घेतला. उभ्यानंच, एका दमात संपवला आणि पदरानं तोंड पुसलं.

"कसं हाय?"

"ग्वाड हाय."

"तुझ्या म्हायेरचं, राहू गावचं पानी ग्वाड का हे?"

"हेच."

"आन् पोरीच्या पोटाला काय झालंय म्हनं?"

"काय न्हाई. दात येत्यात तिला."

पोरगी पाच वर्षांची होती. व्हरांड्यातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. सगळे खाली फरशीकडं बघत राहिले.

सत्यजीतनं गिलास पुन्हा भरला. "घे आनखी. बोलून घसा कोरडा पडला आसंल."

दुसरा गिलास तिला सावकाश गेला. निम्म्यावर ती थांबली, डोळे मिटले, आणि उरलेलं पाणी रेटून गिळलं.

"बास की आता," हौसरावआबा पुटपुटले.

"आबा, जबरदस्ती करतंय का कुनी? चांगुणा, करतंय का?"

"न्हाई, दादा."

"थांबवा हे," प्रतिभा म्हणाली. "त्रास होईल तिला."

"एका गिलासानं मानूस मरतं का, मॅडम?"

"मरत नाही, पण..."

"मंग तुमीबी घ्या की." त्यानं तिसरा गिलास भरून अगदी अदबीनं, दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला. "पाव्हण्या हाय तुमी. गावचं पानी नको म्हनू ने."

प्रतिभानं गिलास घेतला. घोटभर सल्फेटनं काही होत नाही, हे तिच्याइतकं तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तिनं मोजलं होतं ते फक्त सल्फेट. नाल्यातून आणखी काय काय येतं, ते अजून कुणीच मोजलेलं नव्हतं. तिनं गिलास ओठांपर्यंत नेला. पाण्याला बारीक, जळक्यासारखा वास होता. आपण प्यालो तर पाणी चांगलं ठरेल आणि ठराव पडेल, म्हणून प्यायचं नाही, असं तिनं स्वतःला सांगून बघितलं. ते खोटं होतं. तिला भीती वाटत होती. तोंड काही उघडेना.

सगळा व्हरांडा तिच्याकडं बघत होता. हौसरावआबांनी मांडीवरच्या कागदाची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

चांगुणा जवळ आली. तिनं प्रतिभाच्या बोटांतून गिलास हळूच सोडवून घेतला.

"द्या हिकडं, बाई," ती म्हणाली. "तुमाला सवय न्हाई."

आणि तिनं तोही तोंडाला लावला.