चाळीस घरांची रांगोळी

बारा वाजता ड्रोन येऊन चावडीपुढच्या रांगोळीचा फोटो घेणार होता. रांगोळीत ज्या घराचा चौकोन असेल त्याला वर्षभर पाणी, नसेल त्याचा नळ बंद. यंत्र स्वतः कुणालाच वगळत नसे. रांगोळीचा हा आराखडा गावानंच करायचा, असा नियम होता. यंदा पाणी चाळीस घरांपुरतं होतं आणि रांगोळीत घरं एक्केचाळीस होती.

"पाच मिनिटं राहिली," सरपंच इंदुमतीबाई म्हणाल्या. "कुणीतरी बोला की."

हळूहळू सगळ्यांच्या नजरा हौसाबाईकडं वळल्या. विधवा, एकटी, मागं कुणी नाही. हौसाबाईनं आपल्या घराच्या चौकोनावर दोन्ही हात आडवे धरले. "मग मी काय पिऊ गं बायांनो?"

तिची धाकटी जाऊ गजरा उठली. वाटणीत घराच्या मधोमध भिंत घातली, तेव्हापासून अकरा वर्षं दोघींत बोलणं नव्हतं. गजरा खाली बसली आणि दोन चौकोनांमधली रेघ तिनं बोटानं पुसली.

"आक्का, हात काढा. भिंत आजच पाडू. आता एकच घर हाय."

ड्रोन आला, घिरटी घालून बोलला, "चाळीस घरं. आराखडा मंजूर."

हौसाबाई गजराच्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागली.

"पुढच्या वर्षीची मर्यादा तेहतीस घरं," ड्रोन पुढं बोलला.

चावडीपुढून कुणीच उठलं नाही. सगळे वाकून रांगोळीत एकमेकांना लागून असलेली घरं शोधत राहिले. मधली भिंत पाडून एक होतील अशी दुसरी जोडी गावात नव्हती.