नळातला का बाणातला

“आज शुद्धलेखन मी घालते,” ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या आणि पुंजाराम सरांच्या हातातलं पुस्तक त्यांनी घेतलं.

सर बाजूला झाले. मॅडम केंद्रप्रमुख होऊन तीनच महिने झाले होते. वाटूरच्या बाजूच्या ह्या लहानशा शाळेत त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी तिसरीच्या वह्या चाळल्या. एकवीस मुलं, आणि दर शनिवारी एकवीस जणांना दहापैकी दहा.

“सर, वर्षभरात एकही चूक नाही?”

“मुलं हुशार आहेत, मॅडम.”

“हुशार मुलंही चुकतात,” त्या हसून म्हणाल्या. शेरेबुक मात्र त्यांनी टेबलावर उघडंच ठेवलं.

त्या कोऱ्या पानाकडे सरांना बघवेना. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. एकतीस वर्षांत त्यांच्या नावापुढे वाईट शेरा पडला नव्हता. गुण खोटे, असं एकदा तिथे लिहिलं गेलं की ते पुसता येणार नव्हतं. “पाणी सांगू का, मॅडम?” त्यांनी विचारलं आणि चष्मा सारखा केला. चष्म्याची काडी ढिली झाली होती. परतूरला गेलं की नीट करून आणू, असं ते कधीपासून म्हणत होते.

खरी भीती मात्र वेगळीच होती. ती त्यांनी बायकोलाही कधी सांगितली नव्हती. सरांच्या गावात सगळे ‘पानी’ म्हणत, ‘लोनी’ म्हणत. डी.एड.ला जालन्यात पहिल्याच सराव पाठाला त्यांच्या तोंडून ‘पानी’ गेलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “आले पानीवाले गुरुजी.” ते नाव दोन वर्षं चिकटून राहिलं. तेव्हापासून ण आला की सर थबकत. जीभ टाळूला नेत आणि मगच शब्द सोडत. तरी तो नीट पडला की नाही, याची खात्री त्यांना आजवर कधी वाटली नव्हती. आपल्या जिभेनं पोरांचे कानच बिघडवले असतील तर?

“लिहा,” मॅडम म्हणाल्या. “लोणी.”

“म्याडम, नळातला का बानातला?” मागून अंगदनं विचारलं.

“तेच तर तुला ओळखायचंय.”

लोणी. नदी. दाणे. नांगर. कणीस. ऊन. असे दहा शब्द. मॅडमचा ण घंटेसारखा वाजत होता. मुलं मात्र दर शब्दाला माना वर करून त्यांच्याकडे बघत राहायची, अजून काहीतरी यायचं राहिलंय अशी. मॅडम पुढच्या शब्दावर जायच्या, तेव्हा कुठे पेन्सिली हलायच्या.

वह्या गोळा झाल्या. लोनी. दाने. कनीस. सातच्या वर कुणालाच गुण नव्हते. अंगदनं तर ‘णदी’ आणि ‘णांगर’ लिहिलं होतं.

“हे काय रे?”

“अंदाजानं लिवलं, म्याडम.”

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि शेरेबुक पुढे ओढलं. दोष पोरांचा नाही, माझ्या जिभेचा आहे, हे वाक्य सरांनी मनात तीनदा जुळवलं. तोंडातून आलं ते एवढंच, “हेच शब्द मी घालून बघू का?”

मॅडमनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. मग पेन हातात तसाच धरून त्या मागच्या भिंतीपाशी, मुलांच्या बसायच्या पट्टीवर जाऊन बसल्या.

सरांनी शब्द घातले. ‘लोणी’ला ते थबकले. ‘दाणे’ म्हणताना चष्मा घसरल्यासारखा वाटला, तो त्यांनी सावरला. एकवीस माना वर व्हायच्या आणि लगेच खाली जायच्या.

एकवीस वह्या. दहापैकी दहा.

मॅडमनी वह्या दोनदा तपासल्या. मग वळून फळ्याकडे बघितलं. फळा कोरा होता. पहिल्या रांगेतल्या रूपालीला त्यांनी जवळ बोलावलं.

“खरं सांग हं. मी सांगितलं तेव्हा चुकलं, सरांनी सांगितलं तेव्हा बरोबर आलं. असं कसं?”

रूपालीनं आधी सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

“तुम्ही बी तसंच म्हन्ता, सर बी तसंच म्हन्तेत,” ती म्हणाली. “आमाला दोन्ही एकच आयकू येतंय.”

“मग सरांचं कळतं कसं?”

“बानातला आला की सर चष्म्याला हात लावतेत. नळातला आसला की न्हाई लावत.” तिनं मॅडमच्या तोंडाकडे निरखून बघितलं. “तुमाला तर चष्माच न्हाई. मंग कसं वळखायचं?”

“माझ्या ताईच्या वर्गापासून हाय हे,” अंगद मागून म्हणाला. “ती आता कॉलेजला हाय.”

वर्गात कुणी हसलं नाही. यात हसण्यासारखं काय आहे, हे मुलांना कळलंच नव्हतं. मॅडमनी पेनाला हळूच टोपण लावलं.

सर खिडकीपासून वळले. घसा खाकरून त्यांनी आवाज जरा कडक करायचा प्रयत्न केला.

“हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

‘कोणी’ म्हणायच्या आधीच त्यांचा हात चष्म्याला लागला होता.