टेकडीचा पत्ता

"आधी त्याचं नाव बदला," साहेब तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले.

त्याचं म्हणजे टेकडीवरच्या पंपघरातल्या सर्व्हरचं. पाणीपुरवठा कार्यालयातली सगळी मशीनं तीच सांभाळायची. तिला सगळे ताई म्हणत, साहेबसुद्धा. पंपघरातला सर्व्हर तिनंच बसवला होता आणि त्याला नाव दिलं होतं ‘टेकडी’. बाकीच्या मशीनांना नुसते आकडे होते. दुरून काम करताना आपण कुठल्या मशीनवर आहोत ते पडद्यावरच्या नावावरूनच कळतं. आकड्यांत घोळ होतो, असं तिचं म्हणणं.

"वरून आलंय," साहेब म्हणाले. "टेकडीवरची वस्ती उठणार आता. कागदावरून नाव काढलंय. मग मशीनवर कशाला?"

तिनं एक ओळ टाइप केली. मशीनमधून बाहेर पडून पुन्हा आत शिरली. ओळीच्या सुरुवातीला आता ‘टेकडी’ नव्हतं, ‘नोड-सात’ होतं. नावच तर होतं.

"आता वस्तीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा."

"कसली दुरुस्ती आहे?"

"दुरुस्ती नाही. बंद म्हणजे बंद. नोटिसा दिल्या, माणसं पाठवली, तरी लोक ढिम्म हलत नाहीत. पाणी गेलं की आपोआप खाली उतरतील." साहेबांनी घसा खाकरला. "माझ्याकडे असं बघू नका. हे मी नाही ठरवलं."

पूर्वी व्हॉल्व्ह बंद करायचा तर माणसाला टेकडी चढून जावं लागायचं. आता या थंड खोलीत बसून एक शब्द लिहिला की भागत होतं. आणि हे इतकं सोपं करून दिलं होतं तिनंच. ही सोय झाली त्या दिवशी साहेबांनी पेढे वाटल्यासारखं सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं. तीही खूश झाली होती.

तिनं पुन्हा कीबोर्डवर हात ठेवले. आधी मशीनला त्याचं जुनं नाव परत दिलं. मग नेटवर्कची फाइल उघडली. मशीनचा पत्ता खोडून तिथं दुसराच पत्ता लिहिला, ऑफिसच्या कुठल्याच वाटेनं न पोचणारा. फाइल जतन केली, बदल लागू केला आणि हात मांडीवर घेतले.

पडदा जागच्या जागी थिजला.

"झालं बंद?" साहेबांनी विचारलं.

"पाणी चालू आहे. बंद झाला तो आपला रस्ता. तिथं जायचं दार मी आतून लावून घेतलंय आणि किल्ली आतच राहिलीये. आता इथून कुणालाच जाता येणार नाही. मलासुद्धा."

साहेबांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तसा त्यांचा चेहरा लाल झाला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? नोकरी जाईल, ताई!"

"जाऊ दे." ती खुर्चीतून उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. "पाणी तोडायचंय ना? मग वर जा आणि हातानं व्हॉल्व्हचं चाक फिरवा. लोकांच्या डोळ्यांदेखत. इथं पडद्याआड बसून मी हे करणार नाही, आणि कुणाला करूही देणार नाही."

"चला गाडीत. पंपघरातल्या कीबोर्डवर बसून तुम्हीच निस्तरा हे."

"येते. पण कीबोर्डला हात लावणार नाही."

गाडी टेकडीचा चढ चढू लागली. नोकरी गेली तर आईला काय सांगायचं, याची ती मनातल्या मनात जुळवाजुळव करत होती. काही जुळत नव्हतं.

पंपघराच्या बाहेरच वस्तीचा नळ होता. बादल्या, कॅन, तेलाचे रिकामे डबे रांगेत होते. गाडी थांबली तसे रांगेतले सगळे तिच्याकडे बघू लागले. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड उचलला नाही. साहेब मान खाली घालून आत गेले. त्यांनी सर्व्हरकडे बोट दाखवलं. ताईनं हाताची घडी घातली.

"ठीक आहे," साहेब म्हणाले आणि स्वतःच व्हॉल्व्हपाशी गेले. चाक घट्ट होतं. त्यांनी बाह्या सरसावल्या.

तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी बाई दारात येऊन उभी राहिली. तिनं साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"आलात का? बरं झालं बाई! आम्ही कधीपासून सांगतोय, वरच्या घरांना पाण्याचा जोर नाही, करंगळीएवढी धार येते. आजवर कुणी फिरकलंच नाही. आणि तुम्ही तर साहेब असून स्वतः आलात." ती मागे वळून ओरडली, "अगं ए, सरका जरा! साहेब काम करतायत. त्यांना आधी प्यायला पाणी द्या."

रांगेतल्या कुणीतरी भरलेला पेला पुढे केला. साहेबांनी तो घेतला. पाणी प्यायले. रिकामा पेला कुठं ठेवावा ते त्यांना सुचेना. चाकावरचा एक हात तसाच होता.

खिशातला फोन वाजायला लागला. साहेबांनी नाव पाहिलं. ताईनंही पाहिलं. वरून हुकूम देणारेच होते ते. फोन वाजत राहिला, आणि साहेबांनी तो बंदच करून टाकला.

मग त्यांनी दोन्ही हातांनी चाक धरलं आणि दाराकडे वळून विचारलं,

"सांगा मावशी, किती वाढवू?"